देव कुठून आला? लेकरानं विचारलं तर काय करायचं

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या लातूरकडं सगळे जिला येळवस म्हणतात त्या दिवशी, रानात काय असतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या, ज्वारी कमरेच्या वर आलेली, हरभऱ्याला घाटे धरायला लागलेले, गाव सगळं रिकामं आणि रानं माणसांनी भरलेली. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, तिच्यात पाच दगड मांडायचे, पांडव म्हणून, त्यांना चुना लावायचा, आणि मग भज्जी, उंडे, खीर, आंबील असा निवद दाखवून बोट चाटत चाटत जेवायचं.

तर तीन वर्षांखाली आमची भाची, तेव्हा सात वर्षांची, पुण्याहून आलेली, सकाळपासून आबांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या मागं मागं फिरत होती. दगड निवडायचं काम तिनं अंगावर घेतलं. बांधावरचा एक बरा वाटोळा दगड उचलला तर खालून गोम निघाली, ही किंचाळली, पण दगड काही सोडला नाही. मोटारीच्या पाण्यात धुतला, चुन्यात बुडवला, स्वतःच्या फ्रॉकलाही निम्मा चुना लावून घेतला, आणि अर्ध्या तासानं त्याच दगडापुढं सगळं घरदार हात जोडून उभं. ती सगळ्यांकडं एकदा बघते, दगडाकडं बघते आणि मोठ्यानं म्हणते, "आबा, हा तर मी आणलेला दगड ए, ह्याच्याखाली गोम होती. मग देव कुठून आला?"

चुलती म्हणली गप गं माय, असं इचारू नाही, देव कोपतो. मी म्हणलं जा बरं पळ, तिकडून आंबिलीचं मडकं आण. आबा तेवढे हसले आणि म्हणले, बांधावरून आला की, तूच तर आणलास. तिनं लगेच, बांधावर कुठून आला?

झालं. तिथून रात्री झोपेस्तोवर तेच. मला एकही धड उत्तर देता आलं नाही आणि खरं सांगू का, लाज वाटली. मी काय कीर्तनकार नाही न प्राध्यापक नाही, खत-बियाणाचं दुकान आहे माझं, पण दुपारच्या टायमाला गिऱ्हाईक नसतं तेव्हा वाचत बसायची सवय आहे, तर त्यानंतर ह्या एका प्रश्नाच्या मागं लागून जेवढं कळलं, आणि पुढं भाचीवर, शेजारच्या लेकरांवर वापरून बघितल्यावर जे चाललं नि जे फसलं, ते लिहितोय. तुमच्याही घरात हा प्रश्न येणार म्हणजे येणारच, गणपतीत नाहीतर परीक्षेच्या आदल्या रात्री.

आधी काय करायचं नाही ते सांगतो, कारण चूक तिथंच होते. गप्प बसवायचं नाही. देव कोपतो, डोळे जातात, असलं काही सांगायचं नाही. लेकरू गप्प होतं, पण ते उत्तर मिळालं म्हणून नाही, भ्यालं म्हणून. आणि ही गप्प बसवायची खोड आजची नाही बरं का. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या दरबारात गार्गी याज्ञवल्क्याला विचारत जाते की हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे तर पाणी कशात, तो म्हणतो वाऱ्यात, मग वारा कशात, असं करत करत ती गंधर्वलोक, सूर्य, चंद्र, नक्षत्रं, देवलोक, प्रजापती करत ब्रह्मलोकापर्यंत नेते आणि विचारते की ब्रह्मलोक कशात? तिथं याज्ञवल्क्य म्हणतो गार्गी, अती विचारू नको, तुझं डोकं पडंल खाली. म्हणजे एवढा मोठा ज्ञानी माणूस, आणि शेवटी आमच्या चुलतीवरच आला. पण पुढची गोष्ट लोक सांगत नाहीत. गार्गी तेव्हा बसली खाली, आणि थोड्या वेळानं त्याच सभेत परत उठली, म्हणली दोन बाणांसारखे दोन प्रश्न आणलेत, उत्तर दे. आणि ह्या वेळी त्याला द्यावं लागलं. तर तुम्ही गप्प केलं तरी लेकरू परत उठणार आहे, तुमच्यापुढं नाही तर दुसऱ्या कुणापुढं.

ख्रिस्ती लोकांतही हेच. सोळाशे वर्षांपूर्वीचा संत ऑगस्टीन लिहितो की कुणी विचारलं की जग करायच्या आधी देव काय करत होता, तर एकानं चेष्टेत उत्तर दिलं होतं की असले प्रश्न विचारणाऱ्यांसाठी नरक तयार करत होता. पण ऑगस्टीन म्हणतो मी असं उत्तर देणार नाही, जे मला ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणंन. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता खरं काम. प्रश्न आला की उत्तर द्यायच्या आधी उलटा प्रश्न टाका, कोणता देव? किंवा, असं तुला कामून वाटलं? हे टाळण्यासाठी म्हणून विचारू नका, मनापासून विचारा, कारण एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न असतात आणि आपण ऐंशी टक्के वेळा भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत बसतो. आमच्या शेजाऱ्याच्या पोरानं गणपतीत विचारलं की गणपती कुठून आला, तर बापानं पार्वतीच्या अंगाच्या मळापासून सुरू करून शंकरानं मुंडकं उडवलं, हत्तीचं लावलं, सगळं सांगितलं, वीस मिनिटं, आणि शेवटी पोरगं म्हणतं, तसं नाही हो पप्पा, त्या टेम्पोत कुठून आला? त्याचं उत्तर पेण होतं.

तर पहिला प्रकार हा, टेम्पोचा. म्हणजे ही मूर्ती, हे देऊळ, हा दगड इथं कुणी आणला, कधी, कशाचा बनवला. हे सगळ्यात सोपं, आणि लेकरांना सगळ्यात जास्त ह्याचीच मजा येते, कारण ह्याचं उत्तर शोधता येतं. आपण ते करत नाही. त्याला घेऊन देवळात जा आणि दर्शन झाल्यावर लगेच निघू नका. गुरवाला विचारा, गावातल्या म्हाताऱ्याला विचारा, भिंतीवर शिलालेख आहे का बघा, देवळाबाहेर लिंबाखाली शेंदूर फासलेले जे दगड असतात ते नीट बघा, त्यातले बरेच वीरगळ असतात, खाली लढाई किंवा गुरं पळवणारे, वरच्या पट्टीत तो मेलेला वीर शंकराच्या पिंडीपुढं बसलेला. म्हणजे गावासाठी मेलेला माणूस, आणि आज त्याला शेंदूर लागतोय. हा देव कुठून आला ह्याचं उत्तर तर दगडावरच कोरलेलं आहे की. आमच्या गावातला असला एक दगड आम्ही सगळे म्हसोबा म्हणून पाया पडत होतो, भाचीनं शेंदराच्या थरातून बोटानं चाचपून घोडा शोधला, मला पंचेचाळीस वर्षांत दिसला नव्हता.

वेरूळला नेलंत तर लई उत्तम. सोळा नंबरचं कैलास लेणं हे राष्ट्रकूटांच्या काळात, आठव्या शतकात, कृष्ण पहिला ह्याच्या वेळी कोरलेलं मानतात, आणि ते वरून खाली कोरलंय, म्हणजे कळस आधी न पाया शेवटी. लेकराला वर कड्यावरून दाखवा आणि विचारा की ह्यात आणलेलं काय आहे? काहीच नाही, दगड आधीपासून तिथंच होता, नको तेवढा काढून टाकला न देऊळ उरलं. मी हे दाखवलं तेव्हा भाची बराच वेळ काही बोललीच नाही, आणि ती गप्प बसणं म्हणजे आमच्याकडं बातमी असते. तिथनं जवळच घृष्णेश्वर, आत्ताचं बांधकाम अहिल्याबाई होळकरांचं, परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धारही त्यांचाच. म्हणजे देव जुना, देऊळ नवं, असंही असतं हे त्याला कळतं.

दुसरा प्रकार गोष्टीचा. शंकराचे आईवडील कोण, मारुतीला शेपूट कामून, विठोबा विटेवर कधीपासून. इथं गोष्ट सांगायची, मोकळ्या मनानं, पण गोष्ट म्हणून सांगायची. एकाच देवाच्या दोन-तीन वेगळ्या गोष्टी असतात हे लपवायचं नाही, उलट दोन्ही सांगायच्या आणि म्हणायचं, लोकांनी अशीबी सांगितली न तशीबी सांगितली. लेकरांना काही अडचण येत नाही, अडचण मोठ्यांना येते.

ह्यातली एक गोष्ट मात्र प्रत्येकानं पाठ करून ठेवावी, कारण ती ह्याच प्रश्नावर आहे. ब्रह्मदेव आणि विष्णू भांडत होते की थोरला कोण, तर मधी एक आगीचा खांब उभा राहिला, खाली बुड दिसंना न वर शेंडा दिसंना. ठरलं की ज्याला टोक सापडंल तो थोरला. विष्णू वराह होऊन खाली खणत गेला, ब्रह्मदेव हंस होऊन वर उडत गेला. विष्णू परत आला न म्हणला, मला काही सापडलं नाही बाबा. ब्रह्मदेवालाही सापडलं नव्हतं, पण त्यानं वाटेत भेटलेल्या केतकीच्या फुलाला खोटी साक्ष द्यायला लावली की मी शेंडा बघितला. खांबातून शंकर प्रकटला आणि खोटं बोलला म्हणून ब्रह्मदेवाला शाप, पूजा बंद, केतकीलाही बंदी, म्हणून केवडा महादेवाला वाहत नाहीत. वेरूळच्या पंधरा नंबरच्या लेण्यात हा प्रसंग कोरलेला आहे, दशावतार लेणं म्हणतात त्याला.

आता ह्या गोष्टीत शिक्षा कशाची झाली बघा. देवाची सुरुवात सापडली नाही म्हणून नाही झाली, ती तर विष्णूलाही सापडली नव्हती. सापडली असं खोटं सांगितलं म्हणून झाली. मला ही गोष्ट लहानपणापासून माहीत होती, देवळात दहादा ऐकलेली, पण भाचीला सांगताना मधीच थांबलो, म्हणलं आरं, हे तर मलाच सांगितलंय. येळवसेच्या दिवशी मी जे करत होतो ते केतकीचं काम होतं. तर आई-बाप, मामा-काका, सगळ्यांना एकच सांगणं, जिथं माहीत नाही तिथं विष्णूसारखं सरळ सांगायचं, मला नाही सापडलं. आणि हे सांगताना आवाज पाडायचा नाही, लाजल्यासारखं करायचं नाही, लेकराला लगेच कळतं.

तिसरा प्रकार खरा अवघड. जग देवानं केलं तर देवाला कोणी केलं? हा प्रश्न सहसा सात-आठ वर्षांच्या पुढं येतो, आणि ज्या दिवशी आला त्या दिवशी मनातल्या मनात पेढा वाटायचा, कारण लेकरू विचार करायला लागलं. इथं भाषण द्यायचं नाही, साखळी करायची. आम्ही जेवताना केली. भाकर कुठून आली? पिठापासून. पीठ? ज्वारीपासून. ज्वारी? बी पेरलं. बी? गेल्या साली कणसातून ठेवलेलं. त्या कणसाचं बी? त्याच्या गेल्या सालचं. असं आम्ही आबांच्या आज्ज्यापर्यंत गेलो आणि ती म्हणली हे तर संपतच नाही. बस, इथं थांबायचं, इथपर्यंत लेकरू स्वतःच्या पायानं आलं पाहिजे. आपल्या जुन्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्कशास्त्रात, ह्याला अनवस्था म्हणतात, मागं मागं जात राहायचं न टेकायला जागाच नाही.

मग सांगायचं की इथं माणसं वेगवेगळ्या वाटांनी गेली. काही म्हणली की कुठंतरी थांबावं लागंल, आणि जिथं थांबतो तोच देव, त्याला सुरुवातच नाही, अनादी. उदयनाचार्य नावाचे ह्याच न्यायशास्त्राचे पंडित होते, हजारेक वर्षांपूर्वीचे, त्यांचा युक्तिवाद असा की मडकं आहे म्हणजे कुंभार असला पाहिजे, तसं जग हे केलेलं आहे म्हणजे कर्ता असला पाहिजे. लेकरू ह्यावर लगेच विचारणार, कुंभाराला कोणी केलं? विचारू द्या. बर्ट्रांड रसेल म्हणून इंग्रज तत्त्वज्ञ, तो सांगतो की तरुणपणी त्याला हा कर्त्याचा मुद्दा पटत होता, मग अठराव्या वर्षी जॉन स्टुअर्ट मिल ह्या आधीच्या तत्त्वज्ञाच्या आत्मचरित्रात वाचलं की मिलच्या बापानं त्याला सांगितलं होतं, मला कोणी केलं ह्याला उत्तर नाही कारण लगेच पुढं येतं देवाला कोणी केलं. रसेलनं तो कर्त्याचा मुद्दा तिथंच सोडला. म्हणजे तुमच्या पोरानं सातव्या वर्षी विचारलं ते रसेलला अठराव्या वर्षी भेटलं, हे पोराला सांगा, छाती फुगते त्याची. आणि त्याच वेळी दुसरी बाजूही सांगा, की अनादी मानणारे म्हणतात, ज्याला सुरुवात आहे त्यालाच कोणी केलं हे विचारता येतं, ज्याला सुरुवातच नाही त्याला कसं विचारणार. हे पटतं का नाही ते त्याला ठरवू दे. मला विचाराल तर मला निम्मं पटतं.

दुसरी माणसं म्हणली की थांबायचंच आहे तर एक पायरी आधीच थांबा, जगच अनादी माना. जैन हेच म्हणतात, जग कुणी केलेलं नाही. तिसरी वाट बुद्धाची. मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू विचारतो की जग नित्य आहे का अनित्य, त्याला अंत आहे का नाही, तर बुद्ध म्हणतो, एखाद्याला विषारी बाण लागलाय आणि तो म्हणतोय की आधी सांगा बाण मारणारा कोण, त्याची जात काय, धनुष्य कशाचं, तोवर बाण काढू देणार नाही, तर तो मरून जाईल. आधी बाण काढा. आणि आपल्या वेरूळच्या एकाच डोंगरात १ ते १२ बौद्धांची, १३ ते २९ हिंदूंची, ३० ते ३४ जैनांची लेणी, म्हणजे ह्या एका प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं देणारे एकाच दगडात शेजारी शेजारी राहिलेत. चौथी वाट पण आपल्याकडचीच, महानुभाव पंथाची. चक्रधरस्वामींच्या मतानं जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर चारी वेगळे आणि चारी अनादी. म्हणजे तिथं देवता वेगळी न परमेश्वर वेगळा, आपण सरसकट देव म्हणतो तो गोंधळच नाही.

आणि ह्या सगळ्यांच्या आधीचं ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, दहाव्या मंडलातलं १२९वं, सातच ऋचा. त्यात सरळ म्हणलंय की देव तर ह्या सृष्टीच्या नंतरचे, मग हे कुठून आलं कोणाला ठाऊक? आणि शेवटची ओळ अशी की जो वरून ह्या सगळ्यावर नजर ठेवतो त्याला माहीत असंल, का त्यालाही माहीत नसंल. "सो अङ्ग वेद यदि वा न वेद." हे मी भाचीला वाचून दाखवलं तेव्हा ती खदाखदा हसली, म्हणली मामा, म्हणजे देवाला पण माहीत नाही? म्हणलं, असंल माहीत नाहीतर नसंल. ज्यांना वाटतं की असलं विचारणं आपल्या संस्कृतीत बसत नाही त्यांनी ही ओळ भिंतीवर लिहून ठेवावी.

किती देव ह्यावरही हमखास गाडी येते. तेहतीस कोटी म्हणजे तेहतीस करोड का तेहतीस प्रकार ह्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर भांडणारे लई आहेत, त्यात पडू नका, सरळ याज्ञवल्क्याचा आकडा सांगा. जनकाच्या त्याच सभेत शाकल्य नावाचा पंडित त्याला विचारतो देव किती, तो म्हणतो ३३०६. बरं, पण खरंच किती? ३३. खरंच किती? ६. मग ३, मग २, मग दीड, मग १. हे दीड लेकरांना प्रचंड आवडतं, अर्धा देव कोणता ह्यावर आमच्याकडं दोन दिवस गेले. याज्ञवल्क्याचं उत्तर दीड म्हणजे वारा असं आहे, पण भाचीचं म्हणणं अर्धा म्हणजे दगडात अजून पूर्ण न आलेला.

बियाणाच्या दुकानदाराचा एक मुद्दा सांगतो, कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. ज्वारीची साखळी आम्ही अर्धवट सोडली होती ना, तर दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं की सगळ्यात पहिली ज्वारी कोणती? हे मला माहीत होतं. ज्वारी मुळची आफ्रिकेतली, सुदानच्या बाजूच्या रानगवतातून माणसांनी हजारो वर्षं चांगली कणसं निवडत निवडत तयार केलेली. मग म्हणलं पहिलं ताट दाखवता येईल का, की आज सकाळी गवत होतं न संध्याकाळी मालदांडी झाली? नाही येणार. ते हळूहळू होत गेलं. पहिली असा एक दाणा नव्हताच. इतिहासवाले काही देवांबद्दल असंच बोलतात. रा. चिं. ढेरे विठ्ठलाबद्दल मांडतात की हा मुळात गवळी-धनगरांचा देव, आणि पुढं त्याच्यात एकेक भर पडत पडत तो आजचा विठोबा झाला. एखाद्या वारकऱ्याला हे पटणार नाही, तो म्हणंल युगे अठ्ठावीस उभा आहे तो. दोन्ही सांगा. मात्र पोराला हेही सांगा की इतिहासवाला जे सांगतो ते माणसांच्या मनात देव कुठून आला ह्याचं उत्तर आहे, देव आहे का नाही ह्याचं नाही.

विज्ञानाचं काय? इथं सुशिक्षित आईबाप एक युक्ती करतात, बिग बँग म्हणतात न मोबाईल बघायला लागतात. विश्व १३.८ अब्ज वर्षांपूर्वी प्रचंड तापलेल्या, दाटलेल्या अवस्थेतून प्रसरण पावत आलं, हे सांगा, जरूर सांगा, पण लेकरू विचारणार त्याच्या आधी काय होतं, आणि तिथं परत अनवस्थाच. स्टीफन हॉकिंग हे शास्त्रज्ञ म्हणायचे की हे विचारणं म्हणजे दक्षिण ध्रुवाच्या दक्षिणेला काय आहे विचारण्यासारखं आहे. पृथ्वीचा गोळा हातात घेऊन हे दाखवा, मुलांना कळतं. आपले जयंत नारळीकर तर शेवटपर्यंत बिग बँग मानायला तयार नव्हते, फ्रेड हॉइल ह्या इंग्रज शास्त्रज्ञाबरोबर वेगळं मॉडेल मांडत राहिले. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही, तरी असं वेगळं मांडता येतं हे पोरांना कळायला पाहिजे. आणि गंमत म्हणजे विश्व एका मूळ अणूपासून फुटून पसरलं ही कल्पना मांडणारा लमेत्र हा ख्रिस्ती पाद्री होता. तेव्हा विज्ञानाकडं गेलं की देव संपला न देवाकडं गेलं की विज्ञान संपलं, असं सरळ गणित पोराला देऊ नका.

आता शेजारपाजारचं. मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेत एका बाकावर तीन घरची लेकरं असतात. भाची इथं सुट्टीला आली की शेजारच्या मुस्लिम घरातल्या पोरीशी खेळते, तिनं हिला सांगितलं की अल्लाहला कोणी जन्माला घातलं नाही आणि त्यानंही कोणाला नाही. कुराणातल्या इखलास सूरेत हेच आहे, ११२वी सूरा, चार ओळींची. आणि पलीकडच्या बौद्ध घरातला पोरगा म्हणला आमच्यात देवच नाही, बाबासाहेबांनी सांगितलंय. ही घरी येऊन विचारते खरं कोणाचं? इथं दोन चुका होतात. आपलं खरं म्हणलं की भांडणाला बी टाकलं, आणि सगळं एकच असतं गं म्हणलं की खोटं बोललो, कारण एक नाही ते, तिघंही वेगळं सांगतायत. मी म्हणलं, तिला तिच्या घरचं सांगू दे, तू तुझ्या घरचं सांग, आणि पटलं नाही तर विचार, पण खेळ मोडायचा नाही. चक्रधरांनी सांगितलेला हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टांत इथं उपयोगी पडतो.

देव कुठं नाही, हा ह्या प्रश्नाचा जुळा भाऊ. त्यासाठी नामदेवाची गोष्ट आपल्याच भागातली. तेरला गोरोबाकाका थापटण्यानं एकेक संताचं डोकं ठोकून बघतात न नामदेवाचं मडकं कच्चं निघतं. नामदेव रुसून निघतो, पुढं औंढ्या नागनाथाच्या देवळात म्हातारा विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेला. नामदेव म्हणतो पाय काढ. विसोबा म्हणतो, जिथं देव नसंल तिथं उचलून ठेव बाबा. नामदेव जिथं पाय ठेवील तिथं पिंड. गोष्ट सांगताना पाय उचलून ठेवायचं नाटक करा, मी बाजंवर आडवा पडतो आणि भाची माझे पाय उचलून घरभर ठेवत फिरते, कंबर जाते पण गोष्ट पोचते.

एक वेळ अशी येते की ह्यातलं काहीच वापरायचं नाही. घरात कुणी गेलं आणि लेकरानं विचारलं की देव कुठून येतो, कुठं असतो, तर तो प्रश्न वरच्या तिन्हींपैकी एकही नाही. मी किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी शाळेत होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशीच गणपती बोळवलेले. जवळपास दहा हजार माणसं गेली. आमच्याकडं माझ्या मावशीचं घर पडलं, ती वाचली, तिचा धाकटा गेला. मी मावशीला विचारलं होतं की गणपती तर कालच होता ना गावात, मग कुठं गेला. मावशीनं काही सांगितलं नाही, मला जवळ ओढलं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही तसेच बसून राहिलो. आज इतकं वाचूनसुद्धा मला त्याहून बरं काही सुचत नाही. असल्या वेळी याज्ञवल्क्य, रसेल सगळे बाहेर ठेवा.

वयाचं म्हणाल तर फार हिशोब करू नका. चार-पाच वर्षांच्याला टेम्पो आणि गोष्ट पुरते, आठच्या पुढं साखळी, बारा-तेराला नासदीय वाचायला द्या, मराठी अर्थ लावलेलं. एका दमात सगळं ओतायचं नाही, मी एकदा तसं केलं आणि ती झोपली.

ह्या वर्षी जूनमध्ये पेरणीआधी रान तयार करत होतो. पांडव लिंबाखाली असतात, तिथंच राहतात सालभर, चुना पावसानं धुऊन जातो. त्यातला एक घरंगळून खाली तासात आला होता, तो ट्रॅक्टरच्या फणात अडकला न फुटला, दोन तुकडे. भाची सुट्टीला आलेली, ती पळत आली, तुकडे उचलून बघितले, आतून काळाकुळकुळीत दगड. तीन वर्षांनी आता दहाची झाली ती. मला वाटलं आता विचारणार की मग देव कुठं गेला, आणि मी मनातल्या मनात विष्णूचं उत्तर तयार ठेवलं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आबांना विचारलं, "येळवसेला पाचवा कोणता घ्यायचा, बांधावरचा का वढ्यातला?"

आबा म्हणले, वढ्यातला बघ, वाटोळे असतेत.